सुई तीच, खोली वेगळी

पावलोव्ह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कुत्रा, घंटा आणि लाळ. अकरावीच्या सायकॉलॉजीपासून हे त्रिकूट आपल्या मागे लागलंय. आधी घंटा आणि जेवण, मग नुसती घंटा तरीही लाळ, एवढं लिहिलं की मार्क खिशात. पण याच पावलोव्हच्या व्याख्यानांमध्ये आणखी एक कुत्रा आहे आणि त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. त्याच्यासाठी घंटा वाजायची नाही. त्याला इंजेक्शन दिलं जायचं, मॉर्फिनचं.

मॉर्फिन टोचलं की कुत्र्याला मळमळायचं, तोंडाला पाणी सुटायचं, उलटी व्हायची आणि मग गाढ झोप लागायची. हे झालं औषधाचं काम. ताश्कंदच्या प्रयोगशाळेत डॉ. क्रिलोव्ह रोज हे इंजेक्शन देत होते. पाच-सहा दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं, की सुई टोचायच्या आधीच, नुसती तयारी सुरू झाली तरी कुत्र्याची लाळ गळायला लागते आणि उलट्या सुरू होतात. काही कुत्र्यांना तर प्रयोग करणारा माणूस दारात दिसला तरी पुरायचं. औषध अजून सिरिंजमध्येच आहे आणि शरीर कामाला लागलंय!

लहानपणी दवाखान्यातला स्पिरिटचा वास आला की तुम्हीही रडायला लागला असाल. सुई नंतर यायची, रडणं आधी. तेव्हा हसण्यावारी नेलेली ही गोष्ट पुढे प्रयोगशाळांनी फार गंभीरपणे घेतली. कारण प्रश्न साधा वाटला तरी सरळ नाही. इंजेक्शनमधून शरीरात नक्की काय जातं? औषध, असं आपण पटकन म्हणतो. आपली सगळी बोलणीही त्याच हिशेबाने चालतात. अमुक ड्रग एकदा घेतलं की संपलं, तमुक ड्रगमध्ये जादाच ताकद, वगैरे. सगळं श्रेय आणि सगळा दोष त्या पावडरीला. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी मात्र वेगळंच काहीतरी सांगितलं आणि ते सांगण्यासाठी त्यांनी भरपूर किंमत मोजली.

दोन खोल्या, एक डोस

कॅनडात हॅमिल्टन नावाचं शहर आहे. तिथल्या मॅकमास्टर विद्यापीठात शेपर्ड सीगल नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना एक कोडं छळत होतं. हेरॉइनचं व्यसन असलेली माणसं ओव्हरडोसने मरतात, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण त्यातल्या काही जणांच्या बाबतीत हिशेब जुळत नव्हता. कालपर्यंत जेवढा डोस घेऊन माणूस जगत होता, जवळपास तेवढ्याच डोसने आज तो गेला. मग याला ओव्हरडोस तरी का म्हणायचं?

१९८२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग छापून आला. प्रयोग इतका साधा आहे, की तुम्ही तो कँटीनच्या टेबलावर पेनाने काढून दाखवू शकाल.

उंदीर घेतले. (आपल्याकडे रॅट आणि माउस दोघांनाही उंदीरच म्हणतात. इथे रॅट, म्हणजे तो मोठा पांढरा.) त्यांच्यासाठी दोन खोल्या. एक त्यांची राहायची, रोजची. दुसरी वेगळी, जिथे सतत एकसुरी खरखर असा आवाज चालू. उंदरांना एक दिवस एका खोलीत हेरॉइनचं इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेच्या पाण्याचं इंजेक्शन. असं महिनाभर आलटून पालटून. हेरॉइनचा डोस हळूहळू वाढवत नेला. उंदराला सुई दोन्ही खोल्यांत टोचली जात होती, फक्त एका खोलीत ती खरी होती आणि दुसऱ्या खोलीत पोकळ.

महिन्याभराने शेवटचा डोस. वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे आधीच्या सगळ्यात मोठ्या डोसच्या जवळपास दुप्पट. अर्ध्या उंदरांना तो नेहमीच्या, हेरॉइनच्या खोलीत दिला. उरलेल्यांना दुसऱ्या खोलीत, जिथे आतापर्यंत फक्त साखरेचं पाणी मिळालं होतं. तिसरा गट अशा उंदरांचा, ज्यांनी हेरॉइन आधी कधी अनुभवलंच नव्हतं.

निकाल असा. हेरॉइन पहिल्यांदाच मिळालेल्या उंदरांपैकी ९६ टक्के मेले. ते अपेक्षितच होतं. सवय असलेल्या आणि नेहमीच्या खोलीत डोस मिळालेल्या उंदरांपैकी ३२ टक्के मेले. आणि तितकीच सवय असलेल्या, पण वेगळ्या खोलीत डोस मिळालेल्यांपैकी ६४ टक्के.

परत वाचा. औषध तेच, मात्रा तीच, महिनाभराची सवय तीच. फक्त खोली बदलली आणि मरणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट झालं.

असं का व्हावं? सीगल यांचं स्पष्टीकरण पावलोव्हच्या घंटेपासून सुरू होतं, पण एका ठिकाणी उलटं वळण घेतं. आपलं शरीर म्हणजे तोल सांभाळणारा माणूस आहे असं समजा. बाहेरून कुणी डावीकडे ढकललं की तो उजवीकडे रेलतो. हेरॉइन श्वास मंदावतं, वेदना बोथट करतं. शरीर याच्या उलट जोर लावतं आणि सगळं जागेवर आणायला बघतं. हेच रोज घडायला लागलं, तेही त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच माणसाच्या हातून, की शरीर धक्क्याची वाट बघत नाही. खोली दिसली, की आधीच उजवीकडे रेलून उभं राहतं. मग धक्का आला तरी फारसं हलत नाही. आपण ज्याला ‘टॉलरन्स’ म्हणतो, म्हणजे आधी जेवढ्यात भागायचं तेवढ्यात आता भागत नाही, त्यातला एक मोठा भाग हा असा शिकलेला असतो.

आता तोच धक्का अनोळखी खोलीत बसला तर? शरीराला सूचनाच मिळालेली नाही. ते सरळ उभं आहे. पूर्ण डोस अंगावर येतो आणि श्वास थांबतो.

आणि याची दुसरी बाजू. खोली तीच आहे, पण सुई आलीच नाही, तर काय? शरीर उजवीकडे रेललेलं आहे आणि धक्का मारणारं कुणीच नाही. ते तसंच कोलमडतं. अस्वस्थता, घाम, अंग मोडून येणं. आपण त्याला तलफ म्हणतो. परीक्षेच्या काळात सिगरेट सोडलेला तुमचा एखादा मित्र घरी अगदी मजेत असतो आणि कॉलेजबाहेरच्या टपरीवर कटिंगचा ग्लास हातात आला की त्याची बोटं चाळवायला लागतात. त्याला ‘तुझी विलपॉवरच नाही’ असं सुनावण्याआधी या उंदरांची आठवण ठेवा.

माणसांवर अर्थातच असा प्रयोग करता येत नाही, करू नयेच. पण सीगल यांनी पुढे ओव्हरडोसमधून वाचलेल्या दहा जणांशी बोलून बघितलं. त्यांच्यातल्या सात जणांनी सांगितलं, की त्या दिवशी काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं होतं. जागा, नाहीतर घ्यायची पद्धत. दहा माणसं म्हणजे काही फार नाहीत, हे मलाही कळतं. तरी १९८६मध्ये त्यांनी नोंदवलेली एक केस वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

स्वादुपिंडाचा कॅन्सर झालेला एक माणूस. घरीच उपचार चालू होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलगा त्याला ठरावीक वेळाने मॉर्फिनचं इंजेक्शन द्यायचा. मंद उजेडाची बेडरूम, पलंग, शेजारी हॉस्पिटलसारखी उपकरणं. जवळपास महिनाभर हे असंच. एक दिवस मुलगा आला तेव्हा वडील बेडरूममध्ये नव्हते. वेदना सहन होईनात म्हणून ते कसेबसे बाहेरच्या खोलीत आले होते. तिथे लख्ख उजेड होता. मुलाने त्यांना तिथेच इंजेक्शन दिलं. नेहमीचाच डोस. वडिलांमध्ये ओव्हरडोसची लक्षणं दिसू लागली आणि पुढे ते गेले. एका केसवरून काही सिद्ध होत नाही. इतका आजारी माणूस दुसऱ्या कशानेही जाऊ शकतो. पण मुलाने काहीच चुकवलं नव्हतं, हे तरी या उंदरांमुळे म्हणता येतं.

हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असं वाटत असेल, तर मराठीत ब्राउन शुगरला ‘गर्द’ म्हणतात हे आठवा. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यातल्या कॉलेजांपर्यंत ही गर्द पोहोचली होती. अनिल अवचट यांनी तिच्यावर लिहिलं आणि १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसनमुक्ती केंद्रातून बरं होऊन घरी परतलेला माणूस पहिल्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त धोक्यात असतो. त्याची कारणं दोन. एक, जुना चौक, जुने मित्र, जुना जिना दिसला की शरीर आधीसारखं रेलायला लागतं. आणि दोन, मधल्या काळात सवय मोडलेली असते, पण डोक्यात आकडा जुनाच असतो. जुन्या आकड्याचा डोस नव्या शरीराला झेपत नाही. तुमच्या ओळखीत कुणी असं परत आलेलं असेल, तर ‘एकदा घेतल्याने काय होतंय’ हे वाक्य किती महागात पडू शकतं ते लक्षात घ्या. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, टोल फ्री. नंबर सेव्ह करून ठेवायला हरकत नाही.

टी-शर्टचा वास

खोलीचं ऐकलंत, आता सुई धरणाऱ्या माणसाचं ऐका. हे जरा गमतीशीर आहे.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांची टीम वेदनेचा अभ्यास करते. उंदराच्या घोट्यात सूज आणणारा पदार्थ टोचायचा आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याला किती दुखतंय ते मोजायचं, अशी त्यांची एक पद्धत आहे. (हो, उंदराचा चेहरा वाचता येतो. डोळे बारीक होतात, गाल फुगतात.) त्यांच्या लॅबमध्ये कुजबुज होती, की आपण खोलीत असलो तर उंदरांना कमी दुखतं. २०१४मध्ये त्यांनी हे रीतसर तपासलं. खोलीत पुरुष बसला असेल तर उंदीर वेदना कमी दाखवत होते. बाई बसली असेल तर फरक पडत नव्हता. माणूसही लागत नव्हता, पुरुषाने रात्रभर घातलेला टी-शर्ट ठेवला तरी तोच परिणाम! नर प्राण्याच्या वासाने उंदीर इतके ताणाखाली येत होते, की त्या ताणाने त्यांची वेदनाच दबत होती.

हसून झालं असेल तर याचा अर्थ बघा. समजा एखादं वेदनाशामक औषध उंदरांवर तपासलं. सोमवारी दादा होता, मंगळवारी ताई होती. आकडे वेगळे आले. श्रेय कुणाचं, औषधाचं की टी-शर्टचं?

तो एकटा उंदीर

आता त्या उंदराकडे येऊ, जो तुम्ही रीलमध्ये नक्की बघितलाय.

१९६२मध्ये अमेरिकेत जेम्स वीक्स या संशोधकाने एक युक्ती शोधली. उंदराच्या शिरेत कायमची बारीक नळी बसवायची, ती पाठीवरून वर न्यायची आणि पंपाला जोडायची. पिंजऱ्यात एक लिव्हर. उंदराने ती दाबली की मॉर्फिनचा डोस थेट रक्तात. म्हणजे इंजेक्शन देणारा माणूसच काढून टाकला, उंदीर स्वतःच स्वतःला टोचून घेणार. यंत्र अचाट होतं. नशेवरचं पुढचं बरंचसं संशोधन या नळीवर उभं राहिलं आणि त्यातून मेंदूबद्दल खूप काही कळलं, हे नाकारायचं कारण नाही.

१९८५मध्ये मायकेल बोझार्थ आणि रॉय वाइझ यांनी उंदरांना चोवीस तास लिव्हर मोकळी ठेवली. ३० दिवसांत हेरॉइन मिळणाऱ्या उंदरांपैकी ३६ टक्के मेले, कोकेन मिळणाऱ्यांपैकी ९० टक्के. त्याच दशकात अमेरिकन टीव्हीवर जाहिरात यायची, दहापैकी नऊ उंदीर कोकेन घेत राहतील, मरेपर्यंत. आणि मग, तुमच्याही बाबतीत हेच होऊ शकतं. जाहिरात म्हणून जबरदस्तच. मास कॉमच्या वर्गात दाखवण्याजोगी. पण तिच्यात एक गोष्ट गाळली होती. तो उंदीर एका छोट्या पिंजऱ्यात, नळीला बांधलेला, एकटा होता. त्याच्याकडे दिवसभर करण्याजोगं दुसरं काहीच नव्हतं.

हे कुणाच्या लक्षात आलं, तर ब्रूस अलेक्झांडर यांच्या. कॅनडातच, व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात. १९७०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्लायवूडची एक मोठी पेटी बांधली, नेहमीच्या पिंजऱ्याच्या जवळपास २०० पट जागेची. आत भुसा, डबे, लपायच्या जागा, भिंतींवर रंगवलेलं जंगल, आणि १६ ते २० उंदीर, नर-माद्या एकत्र. नाव दिलं ‘रॅट पार्क’. इतके उंदीर एकत्र बागडत असताना प्रत्येकाला नळी जोडणं शक्य नव्हतं, म्हणून इथे इंजेक्शन सोडून मॉर्फिन पाण्यात मिसळलं आणि ते कडू लागतं म्हणून साखर घातली. शेजारी साधं पाणी. एकट्या पिंजऱ्यातले उंदीर मॉर्फिनचं पाणी भरपूर प्यायले, एका प्रयोगात तर पार्कवाल्यांच्या १९ पटींपर्यंत. पार्कातले उंदीर त्या बाटलीला फारसं तोंड लावत नव्हते.

रील इथे संपते. मागे हळवं पियानो संगीत, ‘व्यसनाचं उत्तर प्रेम आहे’ अशी ओळ आणि लाखभर लाइक्स.

पण पुढचंही वाचायला हवं. ‘सायन्स’ आणि ‘नेचर’ या दोन्ही नियतकालिकांनी हा शोधनिबंध नाकारला, तो १९७८मध्ये दुसरीकडे छापून आला. १९९६मध्ये ब्रूस पेट्री यांनी असाच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा निकाल मिळाला नाही. कदाचित उंदरांचा वाण बदलला होता म्हणून असेल. शिवाय कडू-गोड पाणी पिणं आणि शिरेत इंजेक्शन या दोन गोष्टी सारख्या नाहीत. साखर किती आवडते, हाही एक घोळ त्यात आहेच. म्हणजे रॅट पार्क खोटं नाही, पण रीलमध्ये दिसतं तेवढं सरळही नाही. मला विचाराल तर त्याचं महत्त्व त्याच्या आकड्यांपेक्षा त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे. तो प्रश्न असा, की पिंजऱ्याचा परिणाम आपण ड्रगच्या नावावर खपवतोय का?

हा प्रश्न नंतर जास्त काटेकोरपणे विचारला गेला. २००७मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या सर्ज अहमद यांच्या गटाने उंदरांपुढे दोन लिव्हर ठेवल्या. एक दाबली की शिरेत कोकेन, दुसरी दाबली की तोंडात गोड सॅकरिनचं पाणी. ९४ टक्के उंदरांनी गोड पाणी निवडलं. तोच तो मरेपर्यंत कोकेन घेणारा उंदीर, दुसरा पर्याय मिळताच कोकेनकडे पाठ फिरवतो.

२०१८चा प्रयोग मला त्याहून आवडतो. बाल्टिमोरच्या सरकारी संशोधन संस्थेत मार्को व्हेनिरो, यावीन शहाम आणि सहकाऱ्यांनी तीच नळी, तेच हेरॉइन आणि मेथॲम्फेटामीन वापरलं, म्हणजे इंजेक्शनचा मुद्दा सुटला नाही. फक्त दुसरी लिव्हर दाबली की एक छोटं दार उघडायचं आणि पलीकडचा उंदीर भेटायचा. खाऊ नाही, साखर नाही, नुसती भेट. जवळपास सगळे उंदीर जवळपास दर वेळी दार उघडायला लागले. ज्यांना व्यसनी म्हणावं इतकं ड्रग आधी मिळालं होतं, तेसुद्धा.

पण थांबा, पियानो इतक्यात सुरू करू नका. संशोधकांनी पुढे दार उघडायला उशीर करून बघितला. लिव्हर दाबल्यावर सोबती लगेच न भेटता बऱ्याच वेळाने भेटायला लागला. दुसऱ्या प्रयोगात दारासोबत विजेचा हलका झटका जोडला. तेव्हा उंदीर पुन्हा ड्रगकडे वळले. सोबत हवी होती, पण ती लगेच आणि न दुखवता मिळाली तरच तिची निवड होत होती. ड्रग कधीच उशीर करत नाही, हे त्याचं खरं भांडवल. रात्री दोन वाजता मेसेज पाठवून सकाळपर्यंत ‘सीन’ होण्याची वाट बघितलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

माणसांमध्येही याला जुळणारा एक मोठा अनुभव आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांना हेरॉइन सहज मिळायचं. ली रॉबिन्स यांच्या अभ्यासात आढळलं, की साधारण पाचातला एक जण तिथे व्यसनाच्या आहारी गेला होता. सरकारला धडकी भरली होती, ही सगळी फौज घरी आली तर काय? घरी आल्यावर वर्षभरात त्यातले फक्त ५ टक्के पुन्हा अडकले. जंगल गेलं, युद्ध गेलं, ती खोलीच गेली. अर्थात सगळ्यांच्या नशिबात असा विमानप्रवास नसतो. गल्लीतच ज्याचं व्यसन सुरू झालं त्याला त्याच गल्लीत परत यायचं असतं.

उंदराच्या बाजूने

आता तो प्रश्न, जो तुमच्या मनात केव्हाचा आलेला असणार. एवढं सगळं करायला हवं होतं का?

सीगल यांच्या प्रयोगात टक्केवारी मोजायची म्हणजे मेलेले उंदीर मोजायचे होते. बोझार्थ-वाइझच्या प्रयोगातही तेच. मी हे वाचत होते तेव्हा आकडे पटकन डोक्यात गेले, उंदीर उशिरा गेले. सीगलनी दिलेलं ज्ञान माणसांचे जीव वाचवू शकतं, असं मला मनापासून वाटतं. दहापैकी नऊ उंदरांच्या मरणातून एक भीतीची जाहिरात निघाली, ते मात्र पटत नाही.

रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९मध्येच सांगून ठेवलं होतं, की जमेल तिथे प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, नाहीच जमलं तर कमीत कमी प्राणी वापरा, आणि वापराल त्यांना कमीत कमी त्रास द्या. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर बंदी घातलेली नाही, पण त्यांच्यावर देखरेख करणारी समिती त्याच कायद्याखाली आहे. आधी तिला सीपीसीएसईए म्हणायचे, आता सीसीएसईए. प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती असते, तिच्या परवानगीशिवाय उंदराला सुई लावता येत नाही. त्या समितीत विज्ञानाशी संबंध नसलेला, बाहेरचा एक सजग माणूसही लागतो. म्हणजे उद्या तुमच्या-माझ्यासारख्या आर्ट्सवाल्यालाही तिथे बसून ‘हे नक्की कशासाठी?’ असं विचारता येईल. मला ही तरतूद फार आवडली.

वर्गात तर चित्र बरंच बदललंय. यूजीसीने २०१४मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातलं विच्छेदन पूर्ण बंद करायला सांगितलं. माझी एक मैत्रीण बी.फार्म.ला आहे. औषध टोचल्यावर बेडकाच्या हृदयाचं काय होतं, हे तिने माउसवर क्लिक करून शिकलंय. (हा माउस वेगळा!) पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेलं ‘एक्सफार्म’ नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी वापरतात. तिला विचारलं, काही राहून गेल्यासारखं वाटतं का? ती म्हणाली, बेडूक दर वेळी तसाच वागतो, तेवढंच खोटं वाटतं. तिच्या मते, शिकायला तो बेडूक पुरेसा आहे.

नवं औषध तपासायचं असेल तेव्हा मात्र अजून पूर्णपणे क्लिकवर भागत नाही. तिथे उंदीर आहेत आणि काही काळ राहणार. म्हणून ते कसे राहतात, हा प्रश्न उरतो, आणि तो नुसता दयेचा नाही. आपण बघितलं की खोली, वास, सोबत, सगळंच सुईबरोबर आत जातं. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं, की छोट्या उंदराला शेपटीला धरून उचललं तर तो घाबरा होतो, नळकांड्यात शिरू देऊन किंवा ओंजळीत घेऊन उचललं तर खूप कमी घाबरतो. शेपटीने उचलणं ही वर्षानुवर्षांची सर्रास पद्धत. त्या उंदरांवर भीतीची औषधंही तपासली जातात. २०२२मध्ये २००हून अधिक अभ्यास एकत्र करून बघितले, तर नेहमीच्या साध्या, रिकाम्या पिंजऱ्यात राहणारे उंदीर जास्त आजारी पडतात आणि लवकर मरतात, असं दिसलं.

आणि हेच उंदीर जगभरच्या प्रयोगांमध्ये ‘नॉर्मल’ म्हणून मोजले जातात. ज्यांना औषध दिलेलं नाही, ज्यांच्याशी बाकीच्यांची तुलना करायची, तो कंट्रोल गट. तुमच्यापैकी जे यंदा बायोटेक, फार्मसी, सायकॉलॉजीला आहेत, त्यांच्यासमोर पुढच्या सेमिस्टरला असे पेपर येतील. रिझल्टच्या तक्त्याकडे जाण्याआधी ‘मेथड्स’मधला तो बारीक टायपातला परिच्छेद वाचा. पिंजरा केवढा होता, एका पिंजऱ्यात किती जण होते, आत घरटं करायला काही होतं का, इंजेक्शन कुणी दिलं आणि कुठल्या खोलीत. बऱ्याच पेपरांमध्ये यातलं निम्मंही लिहिलेलं नसतं.